निनावी आवाज

खेड्यातली ख्रिस्ती मंडळी पाळकाला दोन गोष्टींवरून जोखते. एक, त्याचा उपदेश किती लांबतो. आणि दोन, मयतीला तो वेळेवर पोचतो की नाही. पहिल्या बाबतीत मंडळीत मतभेद नसतात. बायांना घरी जाऊन भाकरी टाकायच्या असतात, कुणाची पाटपाण्याची पाळी असते, कुणाला बाराची एसटी धरायची असते. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की मागच्या रांगांमध्ये खोकल्याची साथ येते. नगर जिल्ह्यात, नेवासा-शेवगावच्या पट्ट्यात, मी बरीच वर्षं पाळक म्हणून काम केलं. बोलणं हेच माझं काम. रविवारच्या भक्तीत बोलायचं, लग्नात बोलायचं, घरभरणीला, स्मरणभक्तीला बोलायचं, दवाखान्यात खाटेशी उभं राहून बोलायचं. इतकं बोलणाऱ्या माणसाच्या मनात एक हिशेब आपोआप साठत जातो: बोलण्याने नेमकं काय होतं, केव्हा होतं आणि कुणाच्या बोलण्याने होतं.

हा मुलूख मुळात ऐकणाऱ्यांचा. ज्ञानेश्वरी इथेच नेवाशाला सांगितली गेली. लिहून घेणारा होता, पण आधी ती बोलली गेली. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं केलं. पुढे गावोगावी जे ख्रिस्ती झाले, त्यांतल्या बहुतेकांना गावकुसाबाहेर आणि शाळेबाहेर ठेवलेलं होतं. त्यांच्यापर्यंत शास्त्र आलं ते कानावाटे. कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं केलं ते याच ओळखीच्या वाटेने. नारायण वामन टिळकांची पदं आजही आमच्या ‘उपासना संगीता’त मोठी जागा व्यापून आहेत आणि पुस्तक न उघडता म्हटली जातात. गोव्यात फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं खरं, पण ओव्यांचा तो ग्रंथ लोकांत रुजला तो मोठ्याने वाचून आणि गाऊन. माझ्या आजीला सही करता येत नव्हती. डोंगरावरचं प्रवचन मात्र तिला ओळीने पाठ होतं. मधेच विचारलं की तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.

एका पाळकाकडे पाच-सात गावं असतात. सगळीकडे दर रविवारी पोचणं जमत नाही. जिथे पाळक नाही तिथे पंचांपैकी कुणीतरी भक्ती घेतो. गाणी होतात, प्रार्थना होते, शास्त्रवाचन होतं. उपदेश झाला नाही तर कुणी हळहळत नाही, पण वाचन झालं नाही तर भक्ती झाली असं म्हणत नाहीत. म्हणून मी शनिवारी संध्याकाळी वाचकांना बसवून तयारी करून घ्यायला लागलो. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक वॉचमनदादा, अंगणवाडीतल्या मदतनीस मावशी, एक ट्रॅक्टर ड्रायव्हर, नववी-दहावीतल्या मुली, असा तो वर्ग. दादांचं पवित्र शास्त्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं असायचं आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ते ओळीवर बोट ठेवून वाचत. ओळ संपली की बोट खालच्या ओळीच्या डाव्या टोकाला येईपर्यंत थांबत. त्यामुळे वाक्याचे भलत्याच ठिकाणी तुकडे पडायचे. येशू नावेत बसला, हे एका दमात यायचं नाही. येशू एका ओळीत आणि नाव दुसऱ्या ओळीत.

नियम साधे होते. घरून मोठ्याने वाचून या. नबुखद्नेस्सर, जरुब्बाबेल असली नावं आधी जिभेवर बसवा. अडखळलात तर हसू नका, माफी मागू नका, पुढे चला. ‘तो म्हणाला’ आलं की किंचित थांबा, म्हणजे आता कोण बोलतंय ते कळतं. आवाजात मुद्दाम रडू आणू नका. मधे पदरचं काही घालू नका. एकदा मावशींनी विचारलं, “साहेब, मला स्वतःला समजलं नसंल तरी वाचायचं का?” मी म्हटलं, वाचायचं. मावशींना ते फारसं पटलं नाही, पण त्या वाचत राहिल्या. शुभवर्तमानातला कनानी बाईचा प्रसंग त्या वाचायच्या तेव्हा, लेकीसाठी अंगणवाडीच्या दारात येऊन हुज्जत घालणाऱ्या बायका त्यांना रोज भेटतात, हे ऐकणाऱ्याला कळायचं.

आता एका रविवारबद्दल. एका गावात दोन भावांचं बांधावरून कोर्टात चाललं होतं. बोलणं बंद, येणंजाणं बंद. चर्चमध्येही एक डावीकडे बसायचा, दुसरा उजवीकडे. त्यांच्यासाठी मी आधी बोललो नव्हतो असं नाही. क्षमेवर बोललो, सत्तर वेळा सातवर बोललो, घरी जाऊन चहा पिऊन बोललो. त्या रविवारी मात्र माझा विषय वेगळाच होता, फिलिप्पैकरांच्या पत्रावर बोलायचं होतं. जुन्या करारातला उतारा ठरल्याप्रमाणे नववीतल्या एका मुलीने वाचला. उत्पत्तीचा तेहतिसावा अध्याय: याकोब वीस वर्षांनी परत येतो आहे, पुढून एसाव चारशे माणसं घेऊन येतो आहे. ज्याला फसवलं, ज्याचा आशीर्वाद लुबाडला, तो थोरला भाऊ. याकोब घाबरून सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. आणि एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो.

मुलगी दोनदा अडखळली. डावीकडे बसलेला भाऊ वाचन चालू असतानाच उठून बाहेर गेला. मला वाटलं, तंबाखूची तलफ आली असेल. मी माझा उपदेश पूर्ण केला.

पंधरवड्याने तो घरी आला. बराच वेळ कापसाच्या भावावर बोलला. मग म्हणाला, “साहेब, ते धावत आला म्हणून खरंच लिवलंय का? का पोरगी चुकून वाचली?”

मी पुस्तक काढून दाखवलं. त्याने स्वतः बोट ठेवून वाचलं. हा थोरला होता, आणि वाटणीत आपल्यावर अन्याय झाला हे त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. “म्हंजी ज्याचं गेलं त्यानंच धावायचं,” असं तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलंच. मी त्यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं उरलंही नव्हतं. त्याला फिलिप्पैकरांच्या पत्रातलं एक अक्षर आठवत नव्हतं. त्या मुलीला तर आपण वाचलेल्याने काय झालं याचा पत्ताच नव्हता. पुढे ती बारावी होऊन नर्सिंगला गेली.

हे एकदा लक्षात आल्यावर मला जुन्या गोष्टी निराळ्या दिसायला लागल्या. टिळकांचंच घ्या. नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जाताना डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत करून गेला. टिळकांना ते बोलणं उद्धट वाटावं असंच होतं. पण पुस्तक उघडलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना उठवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना किती लागली ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती समाजाला त्याचा सर्वांत मोठा कवी ज्याच्या बोलण्याने मिळाला, तो डब्यातला एक अनोळखी सहप्रवासी होता.

मागे जाऊ तशी ही यादी वाढते. तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये अंतोनी नावाचा तरुण चर्चमध्ये शिरला तेव्हा वाचन चालू होतं. परिपूर्ण व्हायचं तर आहे ते विकून गरिबांना दे, असं येशू श्रीमंत तरुणाला सांगतो तो भाग. अंतोनीला ते आपल्यालाच सांगितल्यासारखं वाटलं. त्याने वाडवडिलांची जमीन देऊन टाकली आणि अरण्य धरलं. ख्रिस्ती संन्यासी परंपरेची एक मोठी शाखा तिथून फुटते. अथनासियसने अंतोनीचं चरित्र लिहिलं, पण त्या दिवशी वाचत कोण होतं ते त्यात नाही.

शंभरेक वर्षांनी, ३८६ साली, मिलान शहरात ऑगस्टीन एका बागेत रडत बसला होता. हा माणूस वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक. बोलून माणसं कशी वळवायची हे शिकवण्याचा त्याला पगार मिळत होता. शहराचा बिशप अंब्रोज हाही नामांकित वक्ता; त्याचे उपदेश ऑगस्टीन मन लावून ऐकत होता. अंतोनीची हकिगतही त्याला नुकतीच कुणी सांगितली होती. इतकं सगळं होऊनही गाठ सुटत नव्हती. तेवढ्यात शेजारच्या घरातून पोराचा आवाज आला. मुलगा होता की मुलगी, तेही त्याला सांगता येत नाही. घे आणि वाच, अशा अर्थाचं काहीतरी ते मूल गुणगुणत होतं. ऑगस्टीनने पौलाचं पुस्तक उचललं, जे पान उघडलं ते वाचलं, आणि पुढचं वाचायची गरज उरली नाही. ३८७ च्या ईस्टरला अंब्रोजने त्याला बाप्तिस्मा दिला. अंब्रोजच्या व्याख्यानांनी जमीन तयार झाली हे कुणीही मान्य करील. पण बी पडलं ते खेळणाऱ्या पोराच्या तोंडून.

जॉन वेस्ली तर दीक्षित पाळक होता, अमेरिकेत धर्मकार्य करून हात हलवत परत आलेला. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावर एका लहानशा सभेला तो अगदी नाखुषीने गेला. तिथे कुणीतरी रोमकरांस पत्राला लूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचून दाखवत होतं. प्रस्तावना! आपण पुस्तकाची जी पानं ओलांडून पुढे जातो ती. पावणेनऊच्या सुमारास आपल्या अंतःकरणात काहीतरी ऊब आली, असं वेस्लीने रोजनिशीत नोंदवलं. वेळ नोंदवली, वाचणाऱ्याचं नाव नाही.

स्पर्जनची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते, कारण त्यात पाळक आलाच नाही. जानेवारी १८५० मधला रविवार, इंग्लंडमधलं कोल्चेस्टर गाव, बर्फाचं वादळ. पंधरा वर्षांचा हा मुलगा ठरल्या चर्चपर्यंत पोचू शकला नाही म्हणून वाटेतल्या एका साध्या मेथडिस्ट चर्चमध्ये शिरला. मोजकी डोकी. उपदेशक बर्फात अडकलेला. शेवटी एक किडकिडीत माणूस, चांभार किंवा शिंपी असावा असा, व्यासपीठावर चढला. यशयातलं एक वचन घेतलं, माझ्याकडे वळा आणि तारण पावा अशा आशयाचं. त्याला त्याहून अधिक काही बोलता येत नव्हतं, म्हणून तो त्याच वचनाशी पुनःपुन्हा येत राहिला. दहाएक मिनिटांत शिदोरी संपली. मग त्याने मागे बसलेल्या पोराकडे पाहिलं आणि तू फार दुःखी दिसतोस, वर बघ, असं त्यालाच सुनावलं. तो पोरगा पुढे लंडनमध्ये हजारोंच्या सभांपुढे बोलणारा चार्ल्स स्पर्जन झाला. चांभार की शिंपी, ते मात्र ठरायचं राहिलं.

शास्त्रातही हेच आहे. अरामाचा सेनापती नामान कोडाने त्रासलेला. त्याच्या घरात इस्राएलातून धरून आणलेली एक लहान मुलगी कामाला होती. शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे धनी गेले असते तर बरे झाले असते, एवढं ती मालकिणीला म्हणाली. राजांची पत्रं, रथ, सोनं-चांदी, यार्देनेतल्या सात बुड्या, सगळं त्या एका वाक्यामागून घडलं. मुलीचं नाव नाही. विहिरीवरच्या शोमरोनी बाईने घागर तिथेच टाकून गावाला बोलावून आणलं. तिचंही नाव नाही. आणि येशूला ओळखत नाही म्हणणाऱ्या पेत्राचा चेहरा ज्या क्षणी पडला, तो क्षण तर कोंबड्याच्या आरवण्याने आला.

बोलण्याची ताकद दुसऱ्या बाजूनेही पाहिलेली आहे. याकोबाच्या पत्रात जीभ म्हणजे रान पेटवणारी ठिणगी आहे, आणि मंडळीच्या पंचायतीत वर्षभर बसलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. निवडणुकीचं भांडण असलं की प्रार्थनेतून टोमणे मारले जातात. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि ‘हे प्रभू, काही लोकांना सुबुद्धी दे’. त्या काही लोकांना आपण कोण ते बरोबर कळतं. मयतीच्या वेळी विधवेला ‘देवाची इच्छा’ म्हणून सांगणारी जीभही मी ऐकली आहे. अशा एका वाक्याने माणूस चर्चची पायरी सोडतो आणि त्याच्या घरातली पुढची पिढीही येत नाही. मोठ्या मांडवातल्या सभा, आहुजाचे भोंगे, ‘ज्यांना स्पर्श झाला त्यांनी हात वर करा’, हेही पाहिलं. त्या हातांतले काही पुढे आयुष्यभर वर राहिले, हे मला ठाऊक आहे. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात मुलींच्या मोठ्याने चाललेल्या प्रार्थनांतून जे जागरण झालं, त्याची साक्ष देणारी घराणी आहेत. तरी ज्यांनी ज्यांनी आपल्याला केव्हा उजाडलं ते मला एकांतात सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांच्या गोष्टीत भोंगा नव्हता. आईचं एखादं वाक्य होतं, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं होतं, किंवा असंच कुणाचं तरी वाचन.

दवाखान्यातली एक गोष्ट यात बसते की नाही, मला सांगता येत नाही, पण सांगतो. आमच्यातल्या एका शेतकऱ्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ‘आता बघ’ एवढे दोनच शब्द राहिले. पाणी हवं तर ‘आता बघ’, दुखलं तर ‘आता बघ’, मुलगा आला तरी ‘आता बघ’. मी गेलो, खाटेशी उभा राहून प्रभूची प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या ओळीला त्याचे ओठ हलले, तिसरीपासून आवाज आला, आणि रोजची भाकर, अपराधांची क्षमा, सगळं स्पष्ट म्हणत तो आमेनपर्यंत माझ्याबरोबर आला. आमेन झालं आणि पुन्हा ‘आता बघ’. बायको उभी होती. आधी तिने डोळ्याला पदर लावला आणि मग चिडून म्हणाली, “एवढं येतं तर पाणी का मागत न्हाई?”

डॉक्टरांनी सांगितलं की यात नवल नाही. मेंदूच्या डाव्या भागाला मार बसून भाषा गेली तरी वर्षानुवर्षं म्हटलेल्या गोष्टी, आकडे, गाणी, प्रार्थना, पुष्कळदा शाबूत राहतात. मला ते पटलं. चमत्कार म्हणून ते मी कधी व्यासपीठावरून सांगितलं नाही. पण त्या बाईने त्यातून जे काढलं ते डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं आणि मीही नाही. घरी नेल्यावर ती रोज दिवेलागणीला त्याच्याजवळ बसायची आणि प्रार्थना सुरू करून द्यायची. “दिवसातून तेवढंच आम्ही दोघं एक बोलतो,” असं ती म्हणाली. लग्नानंतर तिने नवऱ्याबरोबर कधी प्रार्थना म्हटली नव्हती. तो चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला म्हणायचा, ती बायांच्या.

मग पाळकाचं काम काय उरतं, असा प्रश्न धर्मशिक्षण घेऊन आलेली तरुण मुलं मला विचारतात. वाचणाऱ्या पोरीने आणि बर्फातल्या शिंप्यानेच सगळं होणार असेल तर ग्रीक-इब्री शिकायची कशाला? मी त्यांना पुन्हा त्या भावाकडे नेतो. धावायचं हे त्याला कळलं, पण धावून जायचं कुठे? बांधावर मोजणी झालेली नव्हती. धाकट्याला वाटत होतं की हा काहीतरी डाव आहे. मोजणीचा अर्ज, दोन्हीकडच्या वकिलांची समजूत, घरातल्या जावा-जावांचं जुनं दुखणं, सामाईक विहिरीचं वीजबिल कुणी भरायचं, हे सगळं उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात नाही. त्यासाठी वर्षभर बसावं लागलं. त्या बसण्यात फिलिप्पैकरांचं पत्रही लागलं, दुसऱ्याचं हित पाहण्याचा भाग, आणि तो नुसता वाचून भागलं नाही, समजावून सांगावा लागला. कोर्टात तडजोड पुरसिस दिली त्या दिवशी मी बरोबर होतो. दोघे भाऊ अजून एकमेकांच्या घरी जेवत नाहीत. विहिरीचं पाणी मात्र पाळीप्रमाणे दोन्हीकडे जातं.

ऑगस्टीनचंही असंच झालं. बागेतलं सगळं एका दुपारचं. त्यानंतर हिप्पो शहराचा बिशप म्हणून ४३० मध्ये मरेपर्यंत तो रविवारमागून रविवार बोलत राहिला, शिकवत राहिला, लोकांचे तंटे ऐकत राहिला. त्याचे शेकडो उपदेश आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणत्या उपदेशाने कुणाला काय कळलं, हे त्यालाही कळलं नसणार.

म्हणून तरुण पाळकांना मी एवढंच सांगतो. शनिवारी उपदेशाला जेवढा वेळ देता, त्यातला थोडा वाचकाला द्या. भक्ती संपल्यावर दारात उभं राहून ‘कसा झाला उपदेश’ असं विचारू नका. लोक चांगलाच झाला म्हणतात. आणि वाचन चालू असताना कुणी उठून बाहेर गेलं, तर त्याच्यामागे माणूस पाठवू नका.